दूरसंदेशवहन कंपन्यांतील गुंतवणूक : बिनतारी व प्रकाशीय तंतू

ध्वनी, मजकूर, चित्रे व इतर माहिती दूर अंतरावर पोहोचविणाऱ्या कंपन्यांचे भाग, कर्जरोखे वा तत्सम हक्कपत्रे उत्पन्नाच्या किंवा मूल्यवृद्धीच्या अपेक्षेने विकत घेणे, याला दूरसंदेशवहन कंपन्यांतील गुंतवणूक म्हणता येईल. संदेश ज्या माध्यमातून जातो त्यानुसार या कंपन्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील कंपन्या रेडिओ तरंगांच्या साहाय्याने सेवा पुरवितात. भ्रमणध्वनी कंपन्या, उपग्रहीय दूरध्वनी कंपन्या व मनोरे भाड्याने देणाऱ्या कंपन्या या वर्गात येतात. दुसऱ्या वर्गातील कंपन्या केसासारख्या बारीक काचतंतूंमधून प्रकाशाच्या स्पंदांद्वारे संदेश वाहून नेतात. समुद्रतळावरील व जमिनीखालील केबली टाकणाऱ्या, घरापर्यंत तंतुजोडणी देणाऱ्या आणि खुद्द तंतू तयार करणाऱ्या कंपन्यांचा त्यांत समावेश होतो. दोहोंचे काम वरवर पाहता एकच असले, तरी त्यांचे अर्थकारण भिन्न आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे गेल्या तीस वर्षांत सामान्य बचतदारांपासून बड्या बँकांपर्यंत अनेकांचे पैसे बुडाले.

दुर्मिळता व विपुलता : बिनतारी सेवेचा कच्चा माल म्हणजे रेडिओ कंप्रतांचा पट्टा. व्यवहारात त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. हा पट्टा निसर्गतःच मर्यादित असून एकाच ठिकाणी एकच कंप्रता दोघांनी वापरल्यास संदेशांची सरमिसळ होते. म्हणून प्रत्येक देशात शासन तो परवान्याने, बहुधा लिलावाने, देते. अशा परवान्यामुळे कंपनीला एक प्रकारचे संरक्षण मिळते; कारण नवा प्रतिस्पर्धी वाटेल तेव्हा बाजारात उतरू शकत नाही. परंतु परवान्याची किंमत, त्याची मुदत व त्यावरील शुल्क या तिन्ही गोष्टी कंपनीच्या हातात नसतात.

प्रकाशीय तंतूची गोष्ट याच्या उलट आहे. तंतू म्हणजे मुख्यतः सिलिका, आणि सिलिकेची टंचाई कोठेच नाही. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये पुरेशा शुद्ध काचेतून प्रकाशसंदेश लांबवर नेता येईल, असे दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी व्यवहारोपयोगी होण्याइतका कमी क्षीणनाचा तंतू तयार केला. १९८८ मध्ये अटलांटिक महासागरात टीएटी-८ ही पहिली प्रकाशीय केबल कार्यान्वित झाली. तिची क्षमता सुमारे ४०,००० एककालिक दूरध्वनी संभाषणांची होती. पुढे दर काही कि.मी. वर संदेशाचे विद्युतीय रूपांतर करण्याची गरज प्रकाशीय विवर्धकांमुळे संपली, आणि एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे प्रकाश एकाच वेळी पाठविण्याचे तंत्र रूढ झाले. या दुसऱ्या सुधारणेचा आर्थिक अर्थ गुंतवणूकदारांनी त्या वेळी नीट ओळखला नाही. नवा तंतू न टाकता केवळ टोकांवरील उपकरणे बदलून जुन्या तंतूची क्षमता कित्येक पटींनी वाढविता येते, याचाच अर्थ असा की, प्रत्येक तंतुधारक कंपनी कालांतराने स्वतःच्याच मालाची प्रतिस्पर्धी होते. तंतूच्या धंद्यात दुर्मिळ असतात त्या दोनच गोष्टी : रस्ता खोदण्याची परवानगी, आणि ग्राहकाच्या दारापर्यंतचा शेवटचा पल्ला. मधल्या लांब मार्गांवर दुर्मिळता क्वचितच टिकते.

तंतूंचा सुवर्णज्वर (१९९६–२००२) : अमेरिकेत १९९६ च्या दूरसंदेशवहन अधिनियमाने हे क्षेत्र स्पर्धेला खुले केले. इंटरनेटचा प्रसार त्याच सुमारास वेगाने होत होता. इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे एक विधान या काळात कंपन्यांच्या पत्रकांतून, दलालांच्या अहवालांतून व शासकीय प्रकाशनांतूनही वारंवार येत असे. ही वाढ १९९५–९६ च्या सुमारास थोडा काळ खरोखरच झाली होती. परंतु अँड्र्यू ऑडलिझ्को व केरी कॉफमन यांनी १९९८ मध्येच दाखविले की, वाहतूक साधारणतः वर्षाला दुप्पट होत आहे. वर्षाला दुप्पट ही वाढही असामान्यच. तथापि दर शंभर दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे बारापट. आणि भांडवल उभारले गेले ते या बारापटीच्या हिशेबाने. एका साध्या गुणाकाराची तपासणी न झाल्याने इतका पैसा गेल्याचे उदाहरण आर्थिक इतिहासात विरळा.

ग्लोबल क्रॉसिंग ही कंपनी या कालखंडाची प्रातिनिधिक मानता येईल. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने अटलांटिक व पॅसिफिक ओलांडणाऱ्या केबली टाकल्या आणि अल्पावधीत तिच्या भागांचे बाजारमूल्य ४० अब्ज डॉलरच्या वर गेले. केबली खऱ्या होत्या, त्यांची बांधणीही उत्तम होती. परंतु त्याच मार्गांवर इतरांनीही केबली टाकल्या होत्या, आणि क्षमतेचे दर वर्षागणिक कोसळत होते. दर कोसळत असतानाही महसूल वाढता दिसावा म्हणून या क्षेत्रातील काही कंपन्यांनी आपापल्या जाळ्यांतील दीर्घ मुदतीचे वापर-हक्क एकमेकींना विकून अदलाबदल केली. दोघींच्या हिशेबात विक्री दिसे, प्रत्यक्षात कोणाकडेच नवा पैसा येत नसे. २८ जानेवारी २००२ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिची देणी सुमारे १२.४ अब्ज डॉलर होती. संस्थापक गॅरी विनिक यांनी त्यापूर्वी ७० कोटी डॉलरहून अधिक किंमतीचे भाग विकलेले होते. याउलट ज्या कर्मचाऱ्यांची निवृत्तिबचत कंपनीच्याच भागांत होती, त्यांच्या हाती जवळजवळ काहीच उरले नाही. सिंगापूरच्या एस टी टेलिमीडिया या कंपनीने २००३ मध्ये नव्याने घडविलेल्या ग्लोबल क्रॉसिंगचा ६१.५ टक्के हिस्सा २५ कोटी डॉलरना घेतला. त्यापूर्वी, जुलै २००२ मध्ये, वर्ल्डकॉम ही कंपनी बुडाली. तिच्या हिशेबांतील लबाडी अखेर सुमारे ११ अब्ज डॉलरची निघाली. वाहतूक शंभर दिवसांनी दुप्पट होते, या विधानाचा उगम तिच्याच इंटरनेट शाखेकडे जातो.

तंतू व प्रकाशीय घटक तयार करणारे कारखानेही या ओढ्यात सापडले. कॉर्निंगचा भाग सप्टेंबर २००० मध्ये १०० डॉलरहून अधिक होता, तो ऑक्टोबर २००२ मध्ये जवळपास एका डॉलरवर आला. ही कंपनी तरली, कारण काचेचे इतर उपयोग तिला ठाऊक होते. ज्या कारखान्यांना एकच गिऱ्हाईक-वर्ग होता त्यांना ही सोय नव्हती. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा काचतंतूंचा कारखाना आहे. या उद्योगाची मागणी आजही लाटांनी येते व लाटांनी ओसरते. गिऱ्हाईक कंपन्यांनी साठा करून ठेवला की पुढची एकदोन वर्षे मागणी मंदावते. कारखान्याचे एखादे तेजीचे वर्ष पाहून भाग घेणाऱ्याने हे चक्र विसरू नये.

दुसरा मालक : जमिनीत वा समुद्रात पुरलेला तंतू कंपनी बुडाली म्हणून नष्ट होत नाही. त्याचे आयुष्य पंचवीस वर्षे वा अधिक असते. त्यामुळे पहिल्या मालकाचे भांडवल बुडाल्यानंतर जो ते जाळे नाममात्र किंमतीला घेतो, त्याला व्याजाचा बोजा नसल्याने स्वस्त दरातही नफा होऊ शकतो. मुंबईला याचा निकटचा अनुभव आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगम लिमिटेडमधील शासनाचा २५ टक्के हिस्सा २००२ मध्ये टाटा समूहाने घेतला. या कंपनीने पुढे टायको कंपनीचे सुमारे ६०,००० कि.मी. लांबीचे, अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेले सागरी जाळे १३ कोटी डॉलरना खरेदी केले (२००५). इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी व मुंबईला टेकणारी फ्लॅग केबल १९९७ मध्ये सुरू झाली. तिची मालक कंपनी २००२ मध्ये दिवाळखोर झाली, आणि २००४ मध्ये रिलायन्सने ती सुमारे २१ कोटी डॉलरना घेतली. अर्थात स्वस्तात घेणे म्हणजे नेहमीच तरणे नव्हे. फ्लॅग ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ताब्यात गेली, ती कंपनी २०१७ मध्ये भ्रमणध्वनी सेवा बंद करून २०१९ मध्ये स्वतःच नादारीच्या कारवाईत सापडली. तिला बुडविले ते समुद्रतळावरील तंतूंनी नव्हे, तर बिनतारी व्यवसायातील कर्जांनी व दरयुद्धाने.

लोहमार्गांच्या बाबतीतही ब्रिटनमध्ये १८४० नंतरच्या दशकात असेच घडले होते : रूळ राहिले, भागधारक गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना मात्र ईस्ट इंडिया कंपनीने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती, व तिचा भार अखेर हिंदी करदात्यावर पडला. तंतूंच्या भागधारकांना अशी हमी कोणी दिली नाही.

परवान्यांचे लिलाव : बिनतारी कंपन्यांतील धोक्याचे स्वरूप समजण्यास २००० मधील यूरोपीय लिलाव उपयोगी पडतात. तिसऱ्या पिढीच्या सेवेसाठी ब्रिटनने पाच परवाने सुमारे २२.५ अब्ज पौंडांना, तर जर्मनीने सहा परवाने सुमारे ५०.८ अब्ज यूरोंना विकले. जर्मनीतील सहा विजेत्यांपैकी दोघांनी आपली तिसऱ्या पिढीची सेवा सुरू न करताच माघार घेतली. त्याच वर्षी व्होडाफोनने जर्मनीची मानेसमान कंपनी ताब्यात घेतली. हा त्या काळातील जगातील सर्वांत मोठा कंपनी-खरेदीचा व्यवहार होता. पुढे २००६ मध्ये व्होडाफोनला सुमारे २३.५ अब्ज पौंडांचे नावलौकिकमूल्य हिशेबातून वजा करावे लागले. येथे लबाडी नव्हती, ग्राहकही भरपूर होते. फक्त दिलेली किंमत जास्त होती. चांगला धंदा आणि चांगली गुंतवणूक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

तथापि परवाना व तंतू यांतील फरक नेक्स्टवेव्ह या अमेरिकन कंपनीच्या कहाणीत विशेष ठळकपणे दिसतो. तिने १९९६ च्या लिलावात सुमारे ४.७ अब्ज डॉलरची बोली लावून परवाने मिळविले. परंतु हप्ते न भरता आल्याने ती १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. शासनाने परवाने परत घेऊन जानेवारी २००१ मध्ये पुन्हा लिलावात काढले व त्यांना मूळ बोलीच्या तिपटीहून अधिक किंमत आली. मात्र दिवाळखोरी चालू असता परवाने काढून घेणे बेकायदा आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. ज्या कंपनीने नाव घेण्याजोगे जाळेही उभारले नव्हते, तिचे परवाने पुढे अन्य कंपन्यांनी अब्जावधी डॉलर देऊन घेतले. ग्लोबल क्रॉसिंगने जाळे पूर्ण केले व तिचे भागधारक संपले. नेक्स्टवेव्हने काही विशेष बांधले नाही, तरी तिच्या मालमत्तेला गिऱ्हाईक मिळाले. दुर्मिळतेचे मोल म्हणतात ते हेच. तिला न्यायालयाचे संरक्षण मिळाले, हा मात्र नशिबाचा भाग होता. सर्वत्र तसे घडेलच असे नाही.

बिनतारी तंत्रही सर्वस्वी सुरक्षित नाही. सहासष्ट उपग्रहांची इरिडियम योजना सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली व ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोर ठरली. दूरध्वनीसंच जड व महाग होता, इमारतीच्या आत तो चालत नसे, आणि योजना आखल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतच्या दशकात जमिनीवरील भ्रमणध्वनी जगभर पसरला होता. सुमारे अडीच कोटी डॉलरना ती मालमत्ता घेणाऱ्या नव्या मालकांनी सेवा पुढे फायद्यात आणली. येथेही दुसराच मालक तरला.

भारतातील अनुभव : भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. आरंभीचे परवाने निश्चित शुल्काचे होते. ते शुल्क झेपेना, तेव्हा १९९९ च्या नव्या धोरणाने महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. या सवलतीमुळे उद्योग वाढला, पण तिच्यातच पुढील संकटाचे बीज होते. ‘महसूल’ म्हणजे नेमके काय, दूरध्वनीखेरीजचे उत्पन्न त्यात धरावयाचे की नाही, हा वाद चौदा-पंधरा वर्षे न्यायाधिकरणे व न्यायालये यांत फिरत राहिला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाची व्यापक व्याख्या मान्य केली. व्याज व दंडासह आकारणी झाल्याने व्होडाफोन आयडियाने जुलै–सप्टेंबर २०१९ या एका तिमाहीत ५०,९२१ कोटी रुपयांचा तोटा दाखविला. भारतीय कंपनीने तोवर दाखविलेला तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता. कंपनीच्या ताळेबंदातील ‘संभाव्य देणी’ या टिपणीकडे दुर्लक्ष करू नये असे वाणिज्याच्या पहिल्या वर्षात शिकवितात. ती टिपणी वाचणारे भागधारक किती होते, हे सांगवत नाही. शासनाने पुढे आपल्या येण्यांच्या बदल्यात कंपनीचे भाग घेतले. २०२३ मध्ये शासनाचा हिस्सा सुमारे ३३ टक्के, तर २०२५ मध्ये सुमारे ४९ टक्के झाला. जुन्या भागधारकांचा हिस्सा त्या प्रमाणात पातळ झाला.

तत्पूर्वीही धक्के बसले होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने रद्द केले. परवाना हीच ज्या कंपन्यांची मुख्य मालमत्ता, त्यांची गुंतवणूक एका दिवसात निराधार झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केल्यावर दर कोसळले. आरंभीचे काही महिने तिची सेवा विनामूल्यच होती. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, टाटांनी आपला भ्रमणध्वनी ग्राहकवर्ग भारती एअरटेलकडे सोपविला, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. भारती एअरटेलचा प्रतिग्राहक सरासरी मासिक महसूल २०१८ च्या अखेरीस सुमारे १०४ रुपये होता, तो २०२४ च्या अखेरीस सुमारे २४५ रुपयांवर गेला.   या आकड्यातील चढउतार तंत्रविद्येपेक्षा भागधारकाचे नशीब अधिक ठरवितो.

मुंबई व दिल्लीतील दूरध्वनिसेवेसाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगम लिमिटेडचा दाखला अनेक मराठी कुटुंबांना जवळचा वाटेल. तिचे भाग एकेकाळी भरवशाचे मानले जात. या कंपनीने २०१० च्या लिलावात प्रत्यक्ष बोली लावली नव्हती, तरी लिलावात निघालेल्या दराने तिला कंप्रता-पट्ट्याचे सुमारे ११,००० कोटी रुपये भरावे लागले. रोकड संपली, कर्ज वाढले, आणि त्या कर्जावरील व्याजाने पुढील प्रत्येक वर्षाचा हिशेब तोट्यात नेला. तांब्याच्या तारांचे जुने जाळे, घटते ग्राहक व मोठा वेतनखर्च ही कारणे होतीच; पण परवान्याच्या किंमतीने तिची परतीची वाट बंद केली.

हिशेब कसा पाहावा : बिनतारी कंपनीच्या बाबतीत प्रतिग्राहक महसूल, दरमहा सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण, परवान्यांची उरलेली मुदत आणि शासनाची देणी या गोष्टी प्रथम पाहाव्यात. तंतूंच्या कंपनीत केबलीची एकूण लांबी ही फसवी संख्या होय. ज्या वस्तीतून केबल गेली आहे त्यांतील किती घरांनी जोडणी घेतली, हे प्रमाण खरे बोलके असते. खोदकाम व मजुरी हा तंतुजालाच्या खर्चाचा मोठा भाग असून तो एकदाच होतो. त्यामुळे शंभर घरांपैकी वीस घरांनी जोडणी घेतली तर तोटा व चाळिसांनी घेतली तर चांगला नफा, असे होऊ शकते. म्हणूनच एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी तंतू टाकले, तर बहुधा दोन्ही रडतात. दोन्ही प्रकारांत व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा पुढे करण्याची कंपन्यांची रीत आहे. ज्या उद्योगात उपकरणे सात-आठ वर्षांत बदलावी लागतात, तेथे घसारा हा कागदी खर्च नसून खराखुरा खर्च आहे, हे प्रस्तुत लेखकाला आवर्जून सांगावेसे वाटते. वर्ल्डकॉमची लबाडीही चालू खर्च भांडवली खर्च म्हणून दाखविण्याचीच होती.

मनोरे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न दीर्घ करारांमुळे स्थिर मानले जाते. परंतु भाडेकरूच अडचणीत आला तर? इंडस टॉवर्सला व्होडाफोन आयडियाकडील थकबाकीपोटी तरतूद करावी लागल्याने ऑक्टोबर–डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत तोटा झाला.

परस्परावलंबन : ‘बिनतारी की तंतू’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो, परंतु त्याची मांडणीच काहीशी सदोष आहे. भ्रमणध्वनीचा संदेश रेडिओ तरंगांनी जातो तो जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. पुढचा प्रवास बहुतांशी तंतूतून होतो. पाचव्या पिढीत मनोऱ्यांची दाटी वाढते व प्रत्येक मनोऱ्याला तंतू लागतो. त्यामुळे अनेक मोठ्या कंपन्या दोन्ही व्यवसाय एकत्र करतात. अमेरिकेतील व्हेरायझनने २०२४ मध्ये फ्रंटियर ही तंतूसेवा कंपनी कर्जासह सुमारे २० अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. फ्रंटियर २०२० मध्ये स्वतः दिवाळखोरीत गेली होती. उलट मनोऱ्यांच्या धंद्यातून तंतूंकडे वळलेल्या क्राउन कॅसलने मार्च २०२५ मध्ये आपला तंतूंचा पसारा सुमारे ८.५ अब्ज डॉलरना विकून पुन्हा केवळ मनोऱ्यांकडे वळण्याचे जाहीर केले. एकाच देशात, एकाच सुमारास, दोन अनुभवी कंपन्या विरुद्ध दिशांनी गेल्या. ज्याच्याकडे ग्राहक आहेत त्याला तंतू परवडतो. नुसता भाड्याने देणाऱ्याला तो परवडेलच असे नाही, इतपत निष्कर्ष यावरून काढता येईल.

लांब पल्ल्याच्या तंतूंचे मालकही आता बदलले आहेत. अटलांटिकमधील मारेआ केबल (२०१७) मायक्रोसॉफ्ट व फेसबुक यांनी टेल्क्सियस या कंपनीच्या सहकार्याने टाकली. अशा कंपन्यांना केबलीवर स्वतंत्र नफा मिळविण्याची गरज नसते. त्यामुळे केवळ क्षमता विकणाऱ्या कंपनीपुढे हा प्रतिस्पर्धी अधिकच अवघड ठरतो. दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणन केंद्रांना जोडण्यासाठी जुन्या मार्गांना पुन्हा मागणी आली आहे. ज्या लेव्हल थ्री कंपनीने २०११ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग विकत घेतली, ती २०१७ मध्ये सेंचुरीलिंकमध्ये विलीन झाली व तिचे आजचे नाव ल्यूमेन आहे. २०२४ च्या मध्यास या कंपनीचा भाग सुमारे एका डॉलरला मिळत होता. त्या ऑगस्टमध्ये तिने ५ अब्ज डॉलरची नवी कंत्राटे जाहीर केल्यावर तो काही आठवड्यांत अनेक पटींनी वर गेला. या मागणीची वाढही पुन्हा ‘अमुक महिन्यांत दुप्पट’ अशा भाषेत सांगितली जाऊ लागली आहे.